आयरिश राजांच्या वंशावळी: सुरुवात राण्यांपासून करा

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांना सहसा राजांची यादी पाठ करायला सांगतात. मी सांगणार नाही. बाप, मुलगा, नातू हा आपल्या डोक्यात बसलेला क्रम तिथे चालतच नाही. एका पणजोबाची पुरुष संतती, म्हणजे अख्खी भावकी, गादीवर दावा सांगू शकायची. तारा या आयर्लंडमधल्या राजपीठाचं राजपद 734 ते 1002 या काळात उत्तरेचं केनेल नोगन आणि मध्य आयर्लंडातल्या मिडचं क्लान खोल्मान या ई नेल घराण्याच्या दोन शाखांत आलटूनपालटून फिरलं. अपवाद एकच, 944 ते 956. यादी पाठ झाली तरी यामागची गणितं कळत नाहीत. मला ती सोयरिकी मांडल्यावर दिसू लागली.

ओसरी या आयरिश राज्यातली लान घ्या. मिडचा माइल शेख्नल (मृत्यू 862) हा तिचा एक नवरा, त्याच्यापासूनचा मुलगा फ्लान शिन्ना. पुढे तिने लग्न केलं आएद फिंदलिअशी. हा दुसऱ्या शाखेतला, आणि माइल शेख्नलनंतर ताराला बसलेला. आएदची आणखी एक राणी माइल मुरे, किनाएद मक आल्पिन या स्कॉटलंडच्या राजाची मुलगी. तिचा मुलगा नीअल ग्लूनदुव. 879 मध्ये आएद वारला, गादी फ्लानकडे गेली आणि माइल मुरे आता फ्लानची राणी झाली. पुढे नीअलने फ्लानच्याच मुलीशी, वेगळ्या राणीपासून झालेल्या गोर्मलायशी, लग्न केलं. म्हणजे सासरा तोच सावत्र बाप! कागदावर काढून बघा, तोंडी सांगून कुणाला पटत नाही.

राण्यांची माहिती ‘बानशेनखस’ या थोर स्त्रियांच्या जुन्या आयरिश नोंदवहीत मिळते. तिचं पद्यरूप 1147 चं, म्हणजे वरच्या मंडळींनंतर जवळपास दोनशे किंवा अधिक वर्षांनी रचलेलं. म्हणून प्रत्येक नाव इतिवृत्तांशी ताडून घ्यावं. अल्स्टरच्या इतिवृत्तात 1013 पर्यंतचे सन एक वर्ष मागे आहेत, तेही ध्यानात ठेवा. कॉर्कच्या विद्यापीठाच्या ‘सेल्ट’ संग्रहात ही साधनं फुकट वाचता येतात. जुनी आयरिश मात्र पहिल्या सत्रातच सुरू करा; विभक्तीप्रमाणे ‘नीअल’चं ‘नेल’ होतं, आणि भाषांतरावर विसंबलं की एका माणसाची दोन होतात.

वंशावळीतली सर्वांत जुनी नावं सर्वांत शेवटी खरी माना. 1002 मध्ये ही पाळी मोडून ताराला बसलेल्या ब्रीअन बोरूवाचं दाल गाश घराणं वर आल्यावर त्यांचा वंशवृक्ष दक्षिणेकडच्या मन्स्टरच्या जुन्या ओगनाख्त राजघराण्याच्या मूळ पुरुषाला नेऊन चिकटवला गेला. असं कलम सापडलं की मला तर आनंदच होतो, कारण कोणाला कधी प्रतिष्ठेची निकड होती ते त्यातून कळतं.

टिपणं काढताना नावाशेजारी मृत्यूचं वर्ष लिहा. ताराला बसलेले माइल शेख्नल दोन, 862 आणि 1022. गोर्मलायही दोन: फ्लानची मुलगी 948 मध्ये वारली, ब्रीअनची बायको 1030 मध्ये.