बीपी, थायरॉइड आणि ‘रक्त पातळ’ करण्याच्या गोळ्या : या चुका टाळा

“बीपी नॉर्मल आलं, म्हणून आठ दिवस झाले, गोळी बंद केलीय.” औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून मी हे अक्षरशः रोज ऐकते. अहो, नॉर्मल आलं ते गोळीमुळे! अशा वेळी मी आधी रिकामी स्ट्रिप मागून घेते, कारण कोणती गोळी बंद केली यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

अम्लोडिपिन असेल तर बीपी काही दिवसांत हळूहळू पुन्हा चढतं. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते आणि शरीरातून सावकाश जाते. मेटोप्रोलोल किंवा अ‍ॅटेनोलोल असेल तर मात्र मला धास्ती वाटते. अ‍ॅड्रेनलिन हृदयाला पळवतं, आणि या गोळ्या त्याची वाट अडवतात. वाट अडलेली पाहून हृदयाच्या पेशी अ‍ॅड्रेनलिन पकडणारी आणखी ठिकाणं तयार करतात. मग गोळी एकाएकी थांबली की ही सगळी ठिकाणं मोकळी सापडतात. नाडी धावते, बीपी उसळतं, आणि आधीच हृदयविकार असेल तर छातीत दुखू लागतं, झटकाही येऊ शकतो. या गोळ्या सोडायच्याच असतील तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत आणतात. तेव्हा गावाला लग्नाला निघताना स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजून घ्या.

मधुमेह असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. साखर उतरली की होणारी धडधड आणि हातांची थरथर या गोळ्यांमुळे झाकली जाते. घाम मात्र सुटतो. दरदरून घाम आला की साखर तपासा.

अम्लोडिपिनने घोट्यांना सूज आली की काही जण येऊन ‘लघवीची गोळी’ मागतात. ती सूज शरीरात पाणी वाढल्यामुळे आलेली नसते. बारीक धमन्या उघडतात, शिरा तेवढ्या उघडत नाहीत, म्हणून पाणी झिरपून पायात उतरतं. लघवीच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. डॉक्टरांना सूज दाखवा, ते डोस कमी करतील किंवा औषध बदलतील.

आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. त्यांनी अंगात मीठ-पाणी साठतं आणि बीपी वाढतं.

थायरॉइडचा डोस वाढवला, तरी टीएसएच खाली येईना

एक काकू हीच तक्रार घेऊन आल्या होत्या. टीएसएच म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक. डोस ५० वरून ७५ मायक्रोग्रॅमवर गेला होता आणि रिपोर्ट होता तिथेच. मी म्हटलं, “काकू, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते क्रमाने सांगा.” उठल्यावर गोळी, लगेच चहा, आणि चहाबरोबरच कॅल्शियमची गोळी, म्हणजे विसरायला नको! दोष या क्रमातच होता. कॅल्शियम आणि लोह आतड्यात थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, धरून ठेवतात, ते रक्तात पोचतच नाही. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं, आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. काकूंनी कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्यायला सुरुवात केली. पुढचा रिपोर्ट उतरला.

रिपोर्टची घाईही नको. हे औषध सावकाश जातं, निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण आठवडा लागतो. म्हणून डोस किंवा वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच करा.

‘रक्त पातळ’ करण्याची गोळी

या नावानेच निम्मा घोळ होतो. रक्त पातळ होत नाही, ते गोठायला जास्त वेळ लागतो. वॉरफरिन आणि असेनोकौमारोल यकृतातलं ‘के’ जीवनसत्त्वाचं काम रोखतात. पालेभाजीत हेच जीवनसत्त्व भरपूर असतं, म्हणून कितीतरी घरांत पालक-मेथी कायमची बंद होते. तसं करायची गरज नाही, प्रमाण सारखं ठेवा. महिनाभर पालेभाजी नाही आणि थंडीत रोज मेथी, यानेच आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा रिपोर्टमधला आकडा, डळमळतो. तो बहुतेकांत २ ते ३ च्या दरम्यान हवा असतो. हृदयाच्या काही कृत्रिम झडपांसाठी थोडा जास्त ठेवतात.

पालेभाजीपेक्षा मला भीती वाटते ती दुसऱ्या औषधांची. जुलाब झाले म्हणून घरातली मेट्रोनिडाझोल घेतली, तर वॉरफरिनचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. कोणतंही नवं औषध घेताना, आयुर्वेदिक असलं तरी, या गोळीचं नाव आधी सांगा.

अ‍ॅस्पिरिनचं काम निराळं. ती प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाही, आणि एकदा निकामी झालेली प्लेटलेट तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यभर तशीच राहते. दात काढायचा म्हणून काही जण स्वतःच ती बंद करतात. हृदयाच्या धमनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेला असेल तर हे जिवावर बेतू शकतं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

वॉरफरिनची वेळ चुकली आणि त्याच दिवशी आठवलं, तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर राहिलेली सोडून द्या, दोन एकदम नकोत, आणि वहीत तारीख लिहून ठेवा. शौचाला काळं होत असेल, हिरड्यांतलं रक्त थांबत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डोक्याला मार लागला तर वरून जखम दिसत नसली तरी थेट रुग्णालय गाठा, आणि दारातच सांगा की ही गोळी चालू आहे.