जुनी स्क्रू लेन्स डिजिटल रेंजफाइंडरवर लावताना

लायकाच्या एम39 स्क्रू माउंटची (39 मिमी आट्यांची) लेन्स एम माउंटच्या डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायच्या कॅमेऱ्यावर बसते, पण मध्ये ॲडॉप्टर लागतो. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर स्क्रूच्या लेन्सला 28.8 मिमी लागतं आणि एमचं 27.8 मिमी असतं, म्हणून ॲडॉप्टर नेमका 1 मिमी जाड हवा. त्यात थोडीही तफावत असली, तरी उघड्या ॲपर्चरला फोकस सरकतो. ॲडॉप्टरवरचे आकडे मिमीमधली फोकल लांबी सांगतात; 28/90, 35/135 आणि 50/75 यांपैकी आपल्या लेन्सचा ॲडॉप्टर घ्या, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये योग्य फ्रेमलाइन (फोटोची चौकट दाखवणारी रेषा) उमटते.

झेनिट या सोव्हिएत एसएलआर (आरशातून पाहायच्या) कॅमेऱ्याच्या एम39 लेन्सही याच आट्यांवर चढतात. त्या घेऊ नका. त्यांना 45.2 मिमी अंतर लागतं आणि रेंजफाइंडरशी त्यांचा काहीच संबंध जुळत नाही.

खरं काम फोकस तपासण्याचं. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, 1 मीटरवर मोजपट्टी 45 अंशांत तिरपी मांडा आणि ॲपर्चर पूर्ण उघडा. ठरलेल्या आकड्यावर दोन्ही प्रतिमा जुळवून फोटो घ्या. दर फोटोआधी रिंग फिरवून पुन्हा जुळवायचं; असे पाच फोटो काढा. मग अनंतावरचा, म्हणजे खूप दूरचा फोकस तपासायला किलोमीटरभर दूरची इमारत घ्या. चूक पाचही वेळा एकाच बाजूला गेली, तर ॲडॉप्टर न लागणारी दुसरी एम लेन्स लावून तीच चाचणी करा. तीही चुकली तर कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर दुरुस्तीला द्या. नाहीतर दोष लेन्सचा किंवा ॲडॉप्टरचा. सोव्हिएत ज्युपिटर लेन्स अनंतावर बरोबर असूनही जवळ चुकू शकतात, कारण त्यांचं मूळ माप काँटॅक्स या वेगळ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याचं आहे. सोनार या झाइसच्या जुन्या रचनेच्या लेन्समध्ये तर ॲपर्चर लहान करतानाही फोकस मागे सरकतो, म्हणून चाचणी एफ/2.8 आणि एफ/4 लाही करा. लाइव्ह व्ह्यू (सेन्सरवरचं चित्र थेट स्क्रीनवर पाहायची सोय) असेल तर अशा लेन्सला तोच वापरा.

ज्युपिटर-12 सारख्या वाइड लेन्सची मागची काच खूप आत जाते. ती शटरला किंवा आतल्या भागांना लागू शकते, मीटरही चुकवते. कॅमेऱ्याच्या सूचनापुस्तिकेत परवानगी नसेल तर लावू नका. घडीची (नळी आत सरकवता येणारी) लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर दाबून आत ढकलू नका, नळी आतल्या भागांवर आपटते.

वाइड लेन्सने कडांना जांभळट छटा आली तर मेनूमधून जवळची लेन्स हातानं निवडा. एरवी एक्सपोजरची काळजी नको: शटर डायल ए (आपोआप) वर ठेवा, मीटर ॲपर्चरमधून येणारा प्रकाशच मोजतो.