गिअर नीट पडत नाही? नवा शिफ्टर मागवण्याआधी या चुका टाळा

सकाळी गार गाडी पार्किंगमधून बाहेर काढावी, पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना लिव्हर मध्येच अडावा, तळहाताला खरखर जाणवावी आणि पाच-सात किलोमीटर गेल्यावर तोच गिअर अलगद पडावा, हा अनुभव टोयोटा जीआर८६ किंवा सुबारू बीआरझेड या स्पोर्ट्स गाड्या चालवणाऱ्या अनेकांच्या परिचयाचा आहे. त्यावर उपाय म्हणून पुष्कळ जण त्याच आठवड्यात शॉर्ट शिफ्टर, म्हणजे लिव्हरचा प्रवास आखूड करणारा भाग, मागवतात, आणि तो बसवल्यावर गार गाडीतला दुसरा गिअर पूर्वीपेक्षाही जड लागतो. त्रास हाताला लिव्हरवर जाणवतो म्हणून दोषही लिव्हरमध्येच असणार, हे गृहीत धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. लिव्हरमागे केबल किंवा दांडे, क्लच, सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) आणि तेल असे बरेच काही असते, आणि या प्रत्येकाची तक्रार शेवटी लिव्हरच्या टोकाच्या एकाच नॉबवाटे आपल्या हाताशी पोहोचते.

इंजिन बंद ठेवून पाहिलेच नाही

दहा मिनिटांची ही चाचणी न करता सुटे भाग विकत घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, इंजिन बंद ठेवावे आणि क्लच दाबून सर्व गिअर एकामागून एक टाकून पाहावेत. एखादा गिअर दातावर दात आल्यामुळे पडला नाही, तर क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा. बंद इंजिनावरही लिव्हर जड, ढिला किंवा अडखळणारा वाटला, तर दोष लिव्हर, बुश (सांध्यातले रबरी वा प्लॅस्टिकचे अस्तर) किंवा केबलमध्ये शोधावा.

बंद इंजिनावर सर्व गिअर सुरळीत पडतात, पण इंजिन सुरू करून उभ्या गाडीत पहिला गिअर टाकताना जोर लागतो आणि रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज होतो, असे असेल तर संशय क्लचवर घ्यावा. पेडल तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाही, असे समजावे. त्याचे कारण कधी कधी पेडलखाली सरकलेली जाड मॅट एवढे क्षुल्लक असते. एरवी हायड्रॉलिक नळीत शिरलेली हवा, पाझरणारा मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर, अथवा वर्षानुवर्षे न बदललेले फ्लुइड तपासावे. हे फ्लुइड हवेतील ओलावा शोषून घेते आणि बऱ्याच गाड्यांमध्ये ते ब्रेकच्याच टाकीतून येते, तरीही ब्रेकचे काम करताना क्लचची नळी तशीच राहून जाते.

चालत्या गाडीत एकच ठरावीक गिअर कुरकुरत असेल आणि बाकीचे चांगले पडत असतील, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे नवा नॉब किंवा बुश घालून काहीही साधणार नाही.

दुसऱ्या गिअरचा हट्ट समजून न घेणे

जीआर८६च्या सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६२६, दुसऱ्याचे २.१८८, चौथ्याचे १.२१३ आणि पाचव्याचे १.००० आहे. पहिल्या गिअरमध्ये ६,००० आरपीएमवर क्लच दाबून दुसरा टाकायचा, तर गिअरबॉक्सच्या आतील शाफ्टचा वेग सुमारे ३,६२० आरपीएमपर्यंत, म्हणजे जवळजवळ २,४०० आरपीएमने उतरला पाहिजे. हाच बदल चौथ्यावरून पाचव्यावर केला, तर उतार जेमतेम १,०५० आरपीएमचा असतो. हा वेग उतरवण्याचे काम सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर घासून करते, म्हणजे दुसऱ्या गिअरच्या रिंगेवर पाचव्याच्या दुपटीहून अधिक वेगफरकाचा भार येतो. तेल गार आणि घट्ट असताना रिंग व शंकू यांच्यामधला तेलाचा थर पुसला जायला वेळ लागतो, तोपर्यंत रिंग पकड घेत नाही आणि लिव्हर अडून राहतो.

म्हणून गार गाडीत लिव्हरवर जोर करणे ही चूक आहे. पहिली काही मिनिटे इंजिन कमी आरपीएमवर ठेवावे, न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबावे आणि मग लिव्हरवर हलका, सलग दाब ठेवावा. रिंगेने वेग जुळवला की लिव्हर आपोआप आत ओढला जातो, आणि तो क्षण हाताला स्पष्ट कळतो. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा हलका स्पर्श द्यावा व पुन्हा क्लच दाबून गिअर टाकावा. ही जुन्या ट्रकचालकांची पद्धत आजच्या गाडीतही रिंगेचा भार हलका करते.

मोठा आकडा म्हणजे चांगले तेल, हा समज

गिअर तेलाचा प्रकार सांगण्यासाठी डब्यावर जीएल-५ असे लिहिलेले तेल जीएल-४ पेक्षा वरच्या दर्जाचे असते, असा समज पक्का रुजलेला आहे. प्रत्यक्षात जीएल-५ मध्ये अतिदाब सहन करणारी गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये अधिक असतात, कारण ते मुख्यतः डिफरन्शियलमधील, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागातील, एकमेकांवर घसरणाऱ्या दातांसाठी बनवलेले असते. सिंक्रो रिंगेला मात्र ठरावीक प्रमाणात घर्षण हवेच असते. तेल फार निसरडे झाले तर ती पकड घेत नाही, आणि काही जीएल-५ तेलांतील द्रव्ये पितळी रिंगांना अपायही करतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल वेगवेगळे असल्याने एकाच डब्यातून दोन्ही भरण्याचा मोह गॅरेजमध्ये होतो. तो होऊ देऊ नये. काही गिअरबॉक्सना उत्पादकच जीएल-५ सांगतो, तेव्हा अंतिम शब्द गाडीच्या पुस्तिकेचाच मानावा आणि तेल ओततानाचा डबा स्वतः वाचावा.

शॉर्ट शिफ्टरचे गणित

लिव्हरचा प्रवास ३० टक्क्यांनी कमी केला, तर तेच काम करायला हाताला सुमारे ४३ टक्के अधिक बळ लावावे लागते. हा तरफेचा साधा नियम आहे. सिंक्रो रिंगेला लागणारा वेळ मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे घाई वाढते आणि अडखळणे ठळक होते. निरोगी गिअरबॉक्सवर चांगला शॉर्ट शिफ्टर जरूर आनंद देतो, पण आजारी गिअरबॉक्सचे दुखणे तो वाढवतो. वजनदार नॉब हा तुलनेने स्वस्त उपाय आहे, कारण वजनामुळे लिव्हरला गती मिळून तो बारीक अडथळे सहज पार करतो. होंडाने २०२०च्या सिव्हिक टाइप आरच्या नॉबमध्ये ९० ग्रॅमचे वजन याचसाठी घातले.

जुन्या एमएक्स-५ मध्ये लिव्हरखाली न पाहणे

माझदा एमएक्स-५चा लिव्हर थेट गिअरबॉक्सवर बसतो, आणि १९८९ पासून या गाडीच्या गिअरची वाखाणणी होत आली ती मुख्यतः या मांडणीमुळे. अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले मराठी वाचक तिथे वापरलेली जुनी एमएक्स-५ हौसेने घेतात. पहिल्या दोन पिढ्यांच्या पाच गिअरच्या गाडीत लिव्हरच्या बुडाशी तेलाची एक वेगळी छोटी वाटी असते. गिअरबॉक्सचे तेल बदलले तरी या वाटीतले बदलत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. नॉब काढून मधला कन्सोल उचलला की वरचा मोठा रबरी बूट दिसतो. तो फाटलेला असेल, तर आजवर पायाशी येणारी गरम हवा आणि गिअरबॉक्सची घरघर कुठून येत होती, ते तिथेच कळते. त्याखालचे तीन बोल्ट सोडवून लिव्हर वर ओढावा: टोकाच्या गोळ्यावरील नायलॉनची टोपी चिरलेली किंवा पार नाहीशी झालेली असते, आतला छोटा बूट फाटलेला असतो आणि वाटीत काळपट गाळाखेरीज काही उरलेले नसते. दोन्ही बूट, टोपी आणि नवे तेल एवढ्यावर ढिला, खडखडणारा लिव्हर पुन्हा नेमका होतो. इतक्या कमी पैशांत एवढा फरक पाडणारे दुसरे काम मला माहीत नाही.

केबलच्या गाडीकडून थेट लिव्हरची अपेक्षा

आपल्याकडे परवडणारी वेगवान मॅन्युअल गाडी म्हणजे ह्युंदाई आय२० एन लाइन, टाटा अल्ट्रोझ रेसर किंवा फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. यांत इंजिन आडवे असते, गिअरबॉक्स बॉनेटखाली चाकाजवळ असतो आणि लिव्हरकडून त्याच्याकडे दोन केबल जातात. एक डावी-उजवीकडची निवड करते, दुसरी पुढे-मागे ढकलते. केबलमधून धातूला धातू भिडल्याचा स्पर्श पूर्णपणे हाताशी येत नाही, हा दोष नव्हे, रचनेचा भाग आहे. मात्र पूर्वी नेमका असलेला लिव्हर ढिला झाला असेल, तर केबलच्या टोकांचे बुश पाहावेत. बॅटरी किंवा क्लचचे काम झाल्यावर तक्रार सुरू झाली असेल, तर केबलची जुळवणी हललेली असू शकते. ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना लिव्हर हातात हलत असेल, तर इंजिन धरून ठेवणारे रबरी माउंट थकलेले असतात.

हाताच्या सवयी

लिव्हरवर हात विसावून गाडी चालवल्यास गिअर सरकवणारा आतला फोर्क फिरत्या स्लीव्हवर (गिअरला जोडणाऱ्या कड्यावर) सतत घासत राहतो. दुसरी सवय याहून घातक आहे: नॉब मुठीत आवळणे. बहुतेक गाड्यांत लिव्हरची स्प्रिंग त्याला तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत स्वतः आणते, म्हणून तिथे उघड्या तळहाताने सरळ ढकलावे किंवा ओढावे. अमेरिकेत डावीकडे बसून चालवणाऱ्याने तिसऱ्यावरून चौथा टाकताना लिव्हर नकळत अंगाकडे ओढला, तर दुसरा पडतो. भारतात उजवीकडे बसणाऱ्याला हा धोका पाचव्यावरून चौथ्यावर उतरताना असतो, कारण लिव्हर अंगापासून जास्त लोटला गेला तर तो थेट दुसऱ्यात जातो. जीआर८६ मध्ये तिसऱ्यात ७,००० आरपीएमवर असताना चुकून दुसरा पडून क्लच सुटला, तर चाके इंजिनाला जवळजवळ १०,००० आरपीएमपर्यंत फिरवतात, आणि इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर ते थांबवू शकत नाही. पुणे सोडून अमेरिकेत गेलेल्या चालकाने पहिले काही आठवडे गिअर सावकाश बदलावेत.

तक्रार गार गाडीची असेल, तर गाडी गॅरेजमध्ये आदल्या संध्याकाळीच सोडावी. सकाळी आपण ती चालवत नेली, तर पोहोचेपर्यंत तेल गरम झालेले असते, दुसरा गिअर निमूटपणे पडतो आणि मेकॅनिक प्रामाणिकपणे सांगतो की गाडीत काहीच दोष नाही.