शॉर्टफिल्ममधला कृत्रिम माणूस खोटा वाटतो? या चुका टाळा

मुंबईतली कॉलेजची मुलं हल्ली हौसेने सायन्स फिक्शन शॉर्टफिल्म करतात आणि त्यात हुबेहूब माणसासारखा दिसणारा यंत्रमानव हमखास असतो. घोडं अडतं ते तो ओळखायचा कशावरून, इथे.

पहिली चूक म्हणजे खुणांची खिचडी. निळे डोळे, चंदेरी गाल, झटके देणारी मान, सगळं एकाच पात्राच्या माथी मारलं जातं. अशा गोष्टीचा जीव संशयात असतो, तो तिथेच जातो. खूण एकच ठेवा आणि ती प्रेक्षकाला लवकर कळू द्या. १९७३च्या ‘वेस्टवर्ल्ड’ चित्रपटात यंत्रमानवांच्या करमणूक-नगरीत आलेला एक पाहुणा दुसऱ्याला सांगतो की या यंत्रमानवांचे हात अजून नीट जमलेले नाहीत. बस, पुढे आपण प्रत्येकाचे हात बघत बसतो.

डोळ्यांच्या चमकेत सगळ्यात जास्त गडबड होते. १९८२च्या ‘ब्लेड रनर’ चित्रपटात कृत्रिम माणसांचे डोळे आतून चमकावेत म्हणून कॅमेरामन जॉर्डन क्रोननवेथ यांनी लेन्ससमोर अर्धपारदर्शक आरसा ४५ अंशांत लावून बाजूच्या दिव्याचा प्रकाश नटाच्या डोळ्यांत सोडला. तो डोळ्याच्या आतल्या पडद्यावर आपटून आल्या वाटेनेच परततो, म्हणून लेन्सच्या रेषेतच दिसतो. आपल्याकडे त्याऐवजी रिंगलाइट लावतात. त्याने डोळ्याच्या बाहुलीभोवती फक्त पांढरं कडं उमटतं, आतून उजळल्याचा भास होत नाही.

आरसा वापरूनही चमक आली नाही, तर आधी खोलीतला बाकीचा उजेड कमी करा. बाहुल्या मोठ्या झाल्याशिवाय काही दिसणार नाही. चेहऱ्यावर भलतीच भिंत तरंगताना दिसली, तर दिव्याच्या विरुद्ध बाजूला काळा कपडा टांगा. आरशातून पार गेलेला प्रकाश त्या भिंतीवर पडून कॅमेऱ्यात येत असतो. निम्मा प्रकाश आरसा खातो, त्यामुळे लेन्स एक स्टॉप उघडावी लागेल, म्हणजे दुप्पट प्रकाश आत घ्यावा लागेल. दिवा मात्र मंदच ठेवा, समोर जिवंत माणसाचे डोळे आहेत.

नटाला रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स लावायच्याच असतील तर चष्मेवाल्याकडून मापाच्या घ्या आणि एकाच्या दुसऱ्याला देऊ नका.

हालचालीत झटके नकोत, काहीतरी वजा करा. ‘टर्मिनेटर २’साठी (१९९१) यंत्रमानव झालेल्या रॉबर्ट पॅट्रिक यांनी धावताना तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायचा आणि पापणी न लवू देता पिस्तूल चालवायचा सराव केला. धाप न लागणारा माणूस मागे लागला की पोटात गोळा येतो, आणि त्याला दमडीचा खर्च नाही.

मला तर वाटतं, मुंबईत सर्वांत चांगली खूण घामाची आहे. मे महिन्यातली दुपार, दादरचा पूल, सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले आणि एकाचीच कॉलर कोरडी. इतकी आपली खूण सोडून आपण चंदेरी रंग का फासतो? रेल्वेच्या हद्दीत शूटिंगला परवानगी लागते. ती नसेल तर चाळीचा जिना घ्या.

यात चूक होते ती कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात सगळं तसंच दिसण्याची. नटाचे क्लोजअप सकाळी लवकर उरका, तसेच दोन-तीन शर्ट इस्त्री करून ठेवा, प्रत्येक टेकआधी मेकअपदादांना मान आणि कपाळ टिपायला सांगा. एवढं करूनही कोरडेपणा नजरेत भरला नाही, तर बाकीच्यांवर पाणी आणि ग्लिसरीन फवारा.