बारकोड कोपऱ्याला धरून ओढू नका

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात लेबलं छापायला येणारा दर दुसरा माणूस सांगतो, "बारकोड जरा बारीक करा, नाव मोठं दिसू दे." चकलीवाले, मसालेवाले, साबणवाले, सगळेच. बारकोड मूळ मापाच्या ८० ते २०० टक्क्यांत कुठेही ठेवा, चालतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. छापखान्यातल्या ऑफसेट यंत्रावर छापणार असाल तर खरंच चालतो. तापून ठिपके उमटवणाऱ्या थर्मल प्रिंटरवर हाच सल्ला माल परत आणतो.

आधी नंबर. दुकानात विकायच्या मालाला बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून मिळणारा, ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी नंबर, त्याच्या बारकोडला ईएएन-१३ म्हणतात. गोदामातल्या स्वतःच्या हिशेबापुरता हवा असेल तर कोड १२८ हा दुसरा प्रकार, त्यात अक्षरंही चालतात.

मग प्रिंटरवरची पट्टी बघा, २०३ डीपीआय की ३००? डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके.

आता खरी गोम. ईएएन-१३ मधली सगळ्यात बारीक रेघ १०० टक्के आकारात ०.३३ मिमी जाड असते. बाकीच्या रेघा आणि मधल्या फटी तिच्या एकपट ते चौपट. स्कॅनर वाचतो ते हे प्रमाण. २०३ डीपीआयचा एक ठिपका असतो ०.१२५ मिमीचा, म्हणजे ०.३३ साठी २.६४ ठिपके हवेत. पाऊण ठिपका छापणारा प्रिंटर अजून कुणी बनवलेला नाही. मग तो कुठे दोन टाकतो, कुठे तीन. एकेरी रेघ तीन ठिपक्यांची आणि दुहेरी पाचांची झाली की प्रमाण गेलं. नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही.

मी हे लोणच्यावर शिकलो. नौपाड्यातल्या एका काकूंच्या लिंबाच्या लोणच्याची दोन हजार लेबलं होती, रुंदी ३८ मिमी. बारकोड व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला. मी तो चित्र म्हणून चिकटवला आणि मावेना म्हणून कोपऱ्याला धरून दाबला. मोबाइलने स्कॅन केला, टिंग वाजलं, मी खूश. भिवंडीच्या गोदामात स्कॅनरची गन काही बरण्यांवर वाजे, काहींवर ढिम्म. सगळा माल टेम्पोतून परत. काकू रागावल्या नाहीत, टेम्पोच्या भाड्याची चिठ्ठी तेवढी माझ्यापुढे सरकवली. दोन दिवस ओल्या फडक्याने लेबलं खरवडत होतो.

तेव्हापासून मी टक्के बघत नाही, ठिपके मोजतो. बारीक रेघ पूर्ण ठिपक्यांचीच हवी. २०३ वर दोन ठिपके म्हणजे ०.२५ मिमी, हे ८० टक्क्यांच्या खाली जातं, दुकानाच्या मालाला नको. तीन ठिपके म्हणजे ०.३७५ मिमी, साधारण ११४ टक्के. दोन्हीकडची मोकळी जागा धरून बारकोड ४२.४ मिमी रुंद होतो. म्हणजे मुकाट्याने ५० बाय २५ मिमीच्या लेबलांचा रोल घ्या. ३०० डीपीआयवर चार ठिपके बसतात, रुंदी ३८.३ मिमी. हो, ३८ च्या लेबलात तोही मावत नाही, आणि त्या ०.३ मिमीसाठी माझ्याशी वाद घालणारे लोक आहेत.

बारकोड लेबलच्या सॉफ्टवेअरलाच बनवू द्या आणि बारीक रेघेची जाडी ठिपक्यांत भरा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं चित्र वापरायचं नाही, कुणाचंही.

उंची अगदीच बसत नसेल तर कापा. मग काउंटरवरच्या पोराला पाकीट सरळ धरावं लागेल, एवढंच. रुंदीला मात्र हात लावायचा नाही.

मोकळी जागा म्हणजे डावीकडे बारीक रेघेच्या ११ पट, उजवीकडे ७ पट. तीन ठिपक्यांच्या हिशेबाने ४.१ आणि २.६ मिमी. लोकांना नेमकी तिथेच चौकट काढायची असते, नाहीतर एमआरपी घुसवायची असते. पांढरं म्हणजे रिकामं नव्हे, तोही बारकोडच आहे.

कोड १२८ ला एका अक्षरामागे ११ बारीक रेघांची जागा लागते, वर सुरुवात, शेवट आणि तपासणीच्या खुणांचं ३५ रेघांचं ओझं कायमचं. सोळा अक्षरांचा कोड २०३ वर दोन ठिपक्यांनी छापला तरी ५२ मिमीच्या पुढे जातो, मोकळी जागा वेगळीच. मालाचं अख्खं नाव कोडमध्ये कशाला? आठ आकडे ठेवा. नुसते आकडे असले की दोन-दोन एका जागेत बसतात आणि तोच बारकोड मोकळ्या जागेसकट २५ मिमीत येतो.

रंग काळा, कागद पांढरा. लाल रेघा लाल उजेडाच्या गनला दिसतच नाहीत.

चाचणी मोबाइलवर करू नका. मोबाइल फार समजूतदार असतो, वाकडंतिकडंही वाचतो. कुणाची तरी साधी वायरवाली गन मागून आणा आणि भरलेल्या पाकिटावर, चिकटवलेल्या लेबलावर दहा वेळा मारा. एकदा जरी अडली तर प्रिंटरचा डार्कनेस, म्हणजे छपाईची उष्णता, एक घर कमी करून पुन्हा छापा. जास्त तापला की रेघा फुगतात.

आणि बाटली बारीक असेल तर बारकोड आडवा फिरवा. रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक आल्या पाहिजेत, नाहीतर कडेच्या रेघा गोलाईमागे जातात. काकूंच्या बरण्यांवर आता तसाच असतो.