परसदारचा जांभ्याचा धक्का: आधी पाण्याची वाट, मग दगड

आमच्या घरामागची जमीन उतरती. विहिरीच्या वरच्या अंगाला तीन फुटांचा उंचवटा आहे, त्यावर सुपारी आणि केळी. तो उंचवटा धरून ठेवायला धक्का, म्हणजे माती अडवणारी भिंत, लागतो. आम्ही पहिल्यांदा जांभ्याची नऊ इंची भिंत बांधून घेतली. सिमेंटात, दर्जा भरून, म्हणजे सांध्यांत बाहेरून माल दाबून, ओळंब्यात सरळ. दिसायला देखणी होती. पुढच्याच आषाढात झड लागली आणि चौथ्या दिवशी पहाटे मधला दहा फुटांचा तुकडा विहिरीच्या बाजूला आडवा झाला. एकही चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, फुटला नव्हता. सांधेही शाबूत होते. फळी पडावी तसा तो तुकडा अख्खाच्या अख्खा पडला होता. मागच्या मातीत हात घातला तर कोपरापर्यंत चिखल लागला.

ती भिंत का पडली हे मला नंतर हिशेब मांडल्यावर कळलं. भिंतीमागे तीन फूट पाणी तुंबलं की भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचा रेटा साधारण ४०० किलोचा येतो. आमची नऊ इंची, तीन फूट उंच भिंत स्वतःच दर मीटरला जेमतेम तेवढ्या वजनाची होती. त्यात भिजलेल्या मातीचा जोर वेगळा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. इथे धक्का बांधायचा म्हणजे माती अडवायची आणि पाणी सोडायचं. आमच्या पहिल्या भिंतीने दोन्ही अडवलं होतं.

दुसऱ्या खेपेला जे गवंडी आले ते सत्तरीचे. त्यांनी पडलेल्या दगडांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "वहिनी, पानी खयसून येता ता आधी दाखवा." पाणी कुठून येतं ते. मला सांगता येईना. मग आम्ही एक पावसाळा काम थांबवलं. तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे: बांधायच्या आधीचा एक पावसाळा परसाला द्या. मोठी सर आली की छत्री घेऊन मागे उभं राहा आणि पाणी जिथून धावतं तिथे बांबूच्या खुंट्या मारा. पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं, शेजारच्या वाडीतलं कुठून शिरतं, पाऊस थांबल्यावर दोन तासांनीही कुठे डबकं राहतं, हे सगळं कागदावर काढा. आमच्याकडे निम्मं पाणी वरच्या पाणंदीतून येत होतं. तिथे फूटभर खोल चर मारून ते बाजूच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, वळवलं, तेव्हा धक्क्यावरचा अर्धा भार काम सुरू होण्याआधीच उतरला.

धक्का हद्दीवर येत असेल तर भूमी अभिलेखची मोजणी आधी करून घ्या. आणि जमिनीवरची उंची चार फुटांच्या पुढे जात असेल, किंवा वर घराची भिंत किंवा गाडीचा रस्ता असेल, तर इथे लिहिलेल्यावर विसंबू नका, इंजिनिअरला दाखवा.

आता दगड. खाणीतून नुकता काढलेला जांभा मऊ असतो आणि हवेवर हळूहळू घट्ट होतो. म्हणून चिरे दिवाळीनंतर लगेच उतरवून घ्यावेत, उभ्या-आडव्या थरांत हवा खेळेल असे रचावेत, आणि माघात कामाला घ्यावेत. ट्रक रिकामा व्हायच्या आधी दहा-बारा चिरे निवडून हातोडीने ठोका. चांगला चिरा खणखणीत बोलतो, कच्चा भद्द वाजतो. पिवळट-पांढऱ्या मातीच्या गाठी असलेला चिरा परत पाठवा. त्या गाठी पावसात धुपतात आणि दगडाला भगदाडं पडतात.

स्वयंपाकघरात होणारी एक परीक्षा मला फार उपयोगी पडली. चिऱ्याचा साधारण किलोभराचा तुकडा घ्यायचा, चार दिवस कडक उन्हात वाळवायचा, काट्यावर तोलायचा. मग एक दिवस-रात्र बादलीत बुडवून ठेवायचा, वरचं पाणी पुसून पुन्हा तोलायचा. जांभ्याच्या चिऱ्यांसाठीच्या भारतीय मानकात पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या १२ टक्के आहे. म्हणजे कोरडा १००० ग्रॅमचा तुकडा ओला ११२० ग्रॅमच्या आत राहायला हवा. दोन खाणींचे तुकडे मी तोलले. एक १०८५ भरला, दुसरा ११६०. दुसरा रंगाने जास्त लालबुंद आणि देखणा होता, पण घेतला पहिला.

चिऱ्याचं माप खाणीगणिक बदलतं. आमचा चिरा १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच. धक्का ३० फुटांचा, एकूण सात थरांचा: दोन थर जमिनीत, पाच वर, म्हणजे वरची उंची तीन फुटांच्या थोडी पुढे. तळाची रुंदी एकूण उंचीच्या निम्म्याच्या आसपास असावी लागते. म्हणून खालचे चार थर १४ आणि ९ मिळून, मधल्या सांध्यासकट, साडेतेवीस इंच रुंदीचे घेतले आणि वरचे तीन थर १४ इंचांचे. खालच्या प्रत्येक थरात ३८ चिरे आडवे, म्हणजे भिंतीत खोल जाणारे, आणि २५ लांबीत, म्हणजे भिंतीच्या लायनीत. ते झाले ६३. चार थरांचे २५२. वरच्या थरांत फक्त खोल जाणारे, ३८ प्रमाणे ११४. एकूण ३६६. फुटणारे-तुटणारे धरून चारशे मागवले, सत्तावीस उरले. सिमेंटची पोती भिंतीला सहा आणि पायाला चार लागली.

पाया अडीच फूट रुंद आणि पक्की जमीन लागेपर्यंत खोल. आमच्याकडे पावणेदोन फुटांवर मुरूम लागला. काळी किंवा चिकट माती असेल तिथे ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. तळ धुमसाने, म्हणजे माती ठोकायच्या जड ठोकळ्याने, ठोकून घेतला आणि त्यावर सहा इंचांचा १:४:८चा (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटचा थर टाकला. हा तळ उंचवट्याच्या बाजूला किंचित कललेला ठेवा, फुटाला अर्धा-पाऊण इंच. त्यामुळे भिंत मातीकडे रेलते. पहिली भिंत अगदी ओळंब्यात उभी होती, तेव्हा तिला थोडासा रेटाही पुरला. नवीन धक्का फुटाला एक इंच मागे झुकलेला आहे. नीट पाहिलंत तरच कळतं.

बांधणीत सगळं महत्त्व सांधेमोडीला. एका थरात लांब चिरे मागे आणि खोल जाणारे पुढे, त्यावरच्या थरात उलट. मग पुढची आणि मागची फळी एकमेकींत गुंतते. उभा सांधा उभ्या सांध्यावर कधीच येऊ देऊ नये, निदान चार इंच सरकलेला असावा. कामाच्या दिवशी सकाळी चिरे पाण्यात बुडवून काढायचे, नाहीतर जांभा मालातलं पाणी शोषून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. माल १:६चा, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, आणि अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच कालवायचा. घमेल्यात घट्ट झालेला माल पाणी मारून पुन्हा ढवळायला मी एकदाही दिला नाही. वाळू नदीची किंवा धुतलेली क्रश, म्हणजे दगड भरडून केलेली. किनाऱ्याची खारी वाळू स्वस्त पडते, पण पुढे वर्षानुवर्षं भिंतीवर पांढरं मीठ फुलत राहतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. एका दिवसात तीन थरांच्या वर चढू नका. रोजच्या कामावर ओलं गोणपाट टाका आणि दहा दिवस दोन्ही वेळा पाणी मारा. फाल्गुनातलं ऊन दुपारपर्यंत गोणपाट वाळवून टाकतं, त्यामुळे दुपारची फेरी मी स्वतः घालत होते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. जमिनीच्या वर पहिला थर झाला की तीन इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे भिंतीतून आरपार टाकायचे, दर साडेचार-पाच फुटांवर एक. आम्ही सात टाकले. पुढचं तोंड मागच्यापेक्षा इंचभर खाली आणि भिंतीच्या बाहेर दोन इंच काढलेलं, म्हणजे पाणी दगडावरून ओघळत नाही. मागच्या तोंडाला प्लास्टिकची जाळी तारेने आवळून बांधायची. पाइपांच्या या मागच्या तोंडाशी मुठीएवढे काळे दगड हाताने रचायचे, फावड्याने ओतायचे नाहीत. त्यांच्या भोवती आणि वर वीस मिलिमीटरची खडी. भिंतीमागे तळापासून वरपर्यंत फूटभर जाडीचा हा खडीचा पडदा उभा राहिला पाहिजे. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी सोडून माती अडवणारं, कापड सोडायचं, नाहीतर दोन पावसाळ्यांत गाळ खडीत शिरून सगळं लिंपून टाकतो. कापड मिळालं नाही तर जाड वाळूचा सहा इंची थर मध्ये ठेवा. जुनं गोणपाट नको, ते कुजतं.

कापडामागे मुरूम. सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थर धुमसाने ठोकलेला. शेवटचे सहा-आठ इंच तेवढी झाडांसाठी चांगली माती, आणि तिलाही उतार असा की वरचं पाणी खडीत न मुरता चरात जाईल. आमचे गवंडी भरावाला भिंतीपेक्षा जास्त दिवस लावत होते. बिगारी कंटाळत होते आणि खरं सांगायचं तर मलाही मजुरीचा आकडा दिसत होता. पण पहिल्या भिंतीमागे लाल माती एका दुपारी ट्रॅक्टरने ओतली होती, हे मी विसरले नव्हते. भराव भिंतीचं काम संपल्यावर निदान आठवड्याने घालावा. आम्ही बारा दिवस थांबलो.

वरच्या थरावर दोन इंच जाडीचा काँक्रीटचा माथा, पुढे उतरता, दोन इंच पुढे काढलेला, आणि खालच्या कडेला बोटभर खाच. त्या खाचेपाशी पाण्याचा थेंब सुटतो आणि भिंतीच्या अंगावर येत नाही. उघड्या जांभ्याला या पुढे काढलेल्या कडेची फार गरज आहे.

गिलावा करायचा की नाही, यावर आमच्या घरात पुष्कळ चर्चा झाली. जुन्या गोव्यातल्या बाँ जेझूच्या चर्चचा दगड आज उघडा दिसतो, पण ते तसं बांधलेलं नव्हतं. १६०५ साली पूर्ण झालेल्या त्या जांभ्याच्या इमारतीवर गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो काढला गेला आणि तेव्हापासून तिथला जांभा पावसाने झिजतो आहे. घराच्या भिंतीला, जिथे आतली बाजू कोरडी राहायला हवी, तिथे मी चुन्याचा गिलावा करीन. धक्क्याला मात्र नाही. त्याची मागची बाजू कायम ओली असते. पुढून सिमेंटचा गिलावा लावला की ओल आत कोंडते आणि दोन-तीन वर्षांत पोपडे धरतात. धक्क्याला नुसता दर्जा पुरतो: सांधे पाऊण इंच खरवडायचे, ब्रशने धूळ काढायची, पाणी मारायचं, आणि १:३चा माल दाबून भरायचा.

धक्क्याच्या कडेने वर जायला सहा पायऱ्यांची छोटी पाखाडी केली. पायरीचं एक सोपं गणित आहे: उंचीची दुप्पट आणि रुंदी मिळून चोवीस-पंचवीस इंच यायला हवेत. सहा इंच उंची, तर रुंदी बारा ते तेरा. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आम्ही उंची साडेपाच धरली आणि रुंदी चौदा. वरची पायरी खालच्या पायरीवर दोन इंच बसलेली असावी, आणि प्रत्येक पायरीला पुढे पाव इंच उतार. सगळ्या पायऱ्यांची उंची सारखी ठेवा. अर्ध्या इंचाचा फरकही अंधारात पायाला फसवतो. वर फरशी लावायचा मोह टाळा, जांभ्याचा खरखरीतपणा हाच पावसातला आधार आहे. शेवाळ धरतंच, ते श्रावणात आणि भाद्रपदात काथ्याच्या ब्रशने घासून काढायचं.

फणसाचं झाड धक्क्यापासून पंधरा फुटांवर होतं, ते राहू दिलं. त्याहून जवळ मोठ्या मुळांचं काही लावू नका. वड-पिंपळाचं रोप सांध्यात दिसलं की पहिल्या पावसात, दोन पानांवर असताना, मुळासकट ओढा. उशीर झाला तर ते कापून मरत नाही आणि सांधा उकलतो.

मृगाच्या आधी एकदा सातही पाइपांत छत्रीची काडी घालून फिरवते. कुंभारमाशी आणि गांडुळांची माती तोंडाशी बसलेली असते. मग पहिली मोठी सर झाली की समोर उभं राहून पाहते, सातही पाइप वाहतात का. गेल्या वर्षी चौथा कोरडा होता, आत सुपारीचं मूळ शिरलं होतं. ते कोयतीने कापलं तेव्हा आधी तांबडं आणि मग दहा मिनिटांनी नितळ पाणी आलं.