सौरवादळाच्या मागे लागताय? या चुका टाळा

सूर्यावर 'एक्स' म्हणजे सगळ्यात मोठ्या वर्गाची ज्वाला झाल्याची बातमी आली की साताऱ्यातल्या नवख्या मंडळींचे फोन सुरू होतात. "काका, आज कासला ऑरोरा दिसेल का?" ऑरोरा म्हणजे ध्रुवांकडच्या आभाळात दिसणारा रंगीत उजेड. तो इथं कासच्या पठारावरून नाही दिसणार. आणि हा प्रश्न पडेपर्यंत दोन-तीन चुका होऊन गेलेल्या असतात, दरवेळी त्याच.

मूळ चूक म्हणजे ज्वाला आणि वादळ एकच समजणं. ज्वालेचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पोहोचतात. बातमी वाचेपर्यंत त्यांचं काम झालेलं असतं. वादळ आणतो तो सीएमई, सूर्यानं भिरकावलेला चुंबकित प्लाझ्माचा लोट. त्याला यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात आणि तो आपल्या दिशेनं निघालेला असेलच असं नाही. आला तरी त्याचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं हवं, म्हणजे बीझेडचा (त्या क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण भागाचा) आकडा बराच वेळ उणे राहायला हवा. हा आकडा खात्रीनं कळतो तो पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूजवळच्या यानांना लोट भेटल्यावर, म्हणजे जेमतेम तासभर आधी. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून तिथंच आहे. म्हणून दोन दिवस आधी 'आज रात्री नक्की' म्हणणाऱ्या व्हिडिओंवर माझा काडीचाही विश्वास नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला एक्स ९ ज्वाला झाली, ९ तारखेला एक्स १.८, म्हणजे बरीच लहान. मोठं वादळ आणलं ते दुसरीसोबतच्या लोटानं.

१० मे २०२४, अक्षय्य तृतीयेची रात्र. साडेदहाच्या सुमारास लोट थडकला आणि पुढं वादळ जी-५ या सगळ्यात वरच्या पातळीला गेलं, २००३ नंतर पहिल्यांदाच. दुसऱ्या रात्री काही पोरं गाड्या काढून कासला गेली आणि सकाळी 'साताऱ्यात ऑरोरा' म्हणून एक फोटो ग्रुपांवर फिरायला लागला. डोंगराच्या कडेवर लालभडक पट्टा. फोटो काढणाऱ्यालाच घरी बोलावलं आणि त्याच्याच मोबाईलवर तो मोठा करून पाहिला. लाल रंगाची खालची कड डोंगरधारेला धरून होती, वर धुराची फिकट शेपटी होती आणि वृश्चिकेचे तारे दिसत होते, म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड दक्षिणेला, ऑरोरा तर आपल्या उत्तरेला असतो. वणवा होता तो. नाईट मोडनं दहा सेकंद उजेड गोळा केला आणि आभाळ पेटवून दिलं. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे लाल दिवेही ढगाखाली असेच फसवतात.

त्याच वादळात लडाखमध्ये हानलेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजाजवळ खरा लाल उजेड टिपला. हानले आपल्या उत्तरेला पंधरा अंशांवर आहे. तिथंच तो क्षितिजाला टेकलेला, तर इथं काय दिसणार? आपल्या पट्ट्यात वादळ दिसतं ते पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या चुंबकमापकावर. १८५९ चं कॅरिंग्टन वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनं टिपलं, त्या क्षेत्रात १६०० नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपासची घसरण. जगभर आजही त्या नोंदीचा दाखला देतात. मला हे आभाळातल्या लाल रंगाइतकंच मोलाचं वाटतं.

कुणी असा फोटो पाठवला की मी आधी त्यात ध्रुवतारा शोधतो. तो नसेल तर पुढं बोलत नाही. असेल तर त्याच जागेवरून पाच मिनिटांनी काढलेला दुसरा फोटो मागतो.

वादळाच्या आलेखांवरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ असते. १८ म्हणजे संध्याकाळचे सहा नव्हेत, रात्रीचे साडेअकरा.

केपी हा वादळाच्या जोराचा तीन तासांचा, साऱ्या जगाचा मिळून आकडा आहे, साताऱ्याचा नव्हे.

ज्वाला आपल्या रात्री झाली असेल तर इथला शॉर्टवेव्ह रेडिओ तिनं बंद पडला असं सांगू नका. तो फटका पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूला बसतो.

आता डोळे घेणारी चूक. स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यात आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावायची छोटी काळी काच येते. ती हातोडीनं फोडून टाका. सगळी उष्णता तिथंच एकवटते, काच तडकते आणि डोळा मागेच असतो. सूर्याचा फिल्टर लागतो नळीच्या पुढच्या, सूर्याकडच्या तोंडावर. मी दरवेळी तो आधी बल्बसमोर धरून सुईच्या टोकाएवढं भोक पडलंय का बघतो, मग दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी मारतो, कारण यवतेश्वरच्या पठारावरचा वारा कधी काय उडवेल सांगता येत नाही. फाईंडरचं, म्हणजे नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचं, झाकण बंदच. पोरं घाई करतात ती नेमकी इथं, आणि तिथं मी कुणाचं ऐकून घेत नाही.

नवख्यांनी लाखभराची हायड्रोजन-अल्फा (सूर्याचा एकच लाल रंग दाखवणारी) दुर्बीण आधी घेऊ नये. फिल्टर लावलेली साधी दुर्बीण, वहीत वाटीनं आखलेलं वर्तुळ आणि पेन्सिल पुरते. रोज ठरल्या वेळी सौरडाग काढा, शेजारी वेळ लिहा. एखादा गट पूर्वेच्या कडेवरून पश्चिमेच्या कडेला जायला साधारण तेरा दिवस घेतो. मे २०२४ चा गट तर ग्रहणाच्या चष्म्यातून, दुर्बिणीशिवायच दिसत होता. ज्वालेची बातमी आली की आधी ती वही उघडा. गट चकतीच्या मधोमध किंवा किंचित पश्चिमेला असेल तर सीएमईच्या वेळा बघायला बसा. पूर्वेच्या कडेवर असेल तर बहुतेक वेळा लोट बाजूनं जातो. कासची गाडी काढू नका.